तुरटी, सैंधव, सोडा, खडू: हिरडीला काय चालतं आणि दाताला काय झिजवतं

सकाळी दात घासून थुंकलं, बेसिनमध्ये लाल रेघ दिसली, की घरातल्या मोठ्या माणसांचा सल्ला ठरलेला: तुरटीच्या पाण्याने चूळ भर. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. तुरटी लाळेतली आणि रक्तातली प्रथिनं साकळवते, बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात, सुजलेली हिरडी आकसते. दोन दिवसांत रक्त थांबतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण रक्त ज्याच्यामुळे येत होतं तो दात आणि हिरडीच्या सांध्यातला चिकट थर, आणि तोच घट्ट होऊन बनलेलं किटण, जागच्या जागी असतं. म्हणून खाली दिलेली प्रत्येक कृती वापरताना एक वेगळेपण लक्षात ठेवायचं. काही पदार्थ हिरडी शांत करण्यासाठी असतात, काही दात घासण्यासाठी. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की नुकसान होतं.

मिठाची चूळ

सगळ्यात साधी आणि सगळ्यात निर्धोक. २५० मिली कोमट पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ, म्हणजे साधारण ३ ग्रॅम. हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास येतं, आपल्या रक्ताच्या खारटपणापेक्षा किंचित जास्त. त्यामुळे सुजलेल्या भागातलं पाणी थोडं बाहेर ओढलं जातं आणि ठणका उतरतो. जास्त मीठ घातल्याने जास्त गुण येत नाही. आतलं कातडं कोरडं पडतं आणि चरचरतं. एक घोट तोंडात घेऊन ३० सेकंद गालातून गालात फिरवायचा, थुंकायचा, ग्लास संपेपर्यंत असंच. दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

सैंधव घ्यायचं की साधं मीठ, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. सैंधवाचा गुलाबी रंग त्यातल्या लोहाच्या अंशाचा असतो. चुळेसाठी दोन्ही सारखी; फक्त सैंधवाचा खडा नीट विरघळू द्यावा, तळाशी माती राहिली तर वरचं पाणी ओतून घ्यावं. रक्तदाब असलेल्यांनी चूळ गिळू नये, एवढंच पथ्य.

दाढ काढल्यावर पहिले २४ तास मात्र कसलीही चूळ नको. दाढेच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ हेच तिथलं झाकण असतं. खळखळून चूळ भरली की ती निघून येते, खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं पाणी तोंडात घ्यावं, मान एकीकडे-दुसरीकडे कलवावी आणि पाणी आपोआप पडू द्यावं.

तेल-मिठाने हिरड्या चोळायची पद्धतही जुनी. चिमूटभर मीठ अगदी पिठासारखं बारीक करून तिळाच्या तेलाच्या पाच-सहा थेंबांत कालवायचं, बोटाच्या पेराने हिरडीवरून दाताकडे, असं एक मिनिट. जाड मीठ वापरलं तर खड्यांच्या कडांनी हिरडी खरचटते. बोट दातांच्या फटीत जात नाही, म्हणून हा ब्रशला पर्याय नव्हे.

तुरटी: कोणती घ्यायची इथपासून

बाजारात तुरटी तीन रूपांत मिळते. न्हाव्याकडची गुळगुळीत वडी दाढीनंतर गालावर फिरवायची. तिच्यात सुगंध आणि इतर मिसळण असू शकतं, तोंडात नको. पाणी निवळायची खड्याची तुरटी पुष्कळदा औद्योगिक प्रतीची असते. औषधी प्रतीची हवी तर पुडीवर ‘आय.पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे सरकारी औषधकोशाची प्रत) लिहिलेली मागावी. मुंबईत मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या शामलदास गांधी मार्गावर, औषधांची आणि रसायनांची दुकानं रांगेने आहेत, तिथे विचारावं. काष्ठौषधीच्या दुकानातून घ्यायची झाली तर पांढरी, पारदर्शक, माती न चिकटलेली घ्यावी.

तुरटीही दोन प्रकारची असते, पोटॅशची आणि अमोनियाची. दिसायला सारख्याच. ओळखायची युक्ती सोपी आहे: चिमूटभर पूड, तेवढाच पानाला लावायचा चुना, पाण्याचा एक थेंब, बशीत चमच्याने घोटावं. नाकात झोंबणारा वास आला तर ती अमोनियाची. चुळेला ती घेऊ नये, आणि लाही करायला तर नकोच.

चुळेचं प्रमाण: २०० मिली पाण्यात पाव चहाचा चमचा पूड, साधारण १ ग्रॅम. ‘खडा पाण्यात चार वेळा फिरवायचा’ या पद्धतीत दोष एकच, दर वेळी प्रमाण वेगळं येतं. ३० सेकंद चूळ धरायची, थुंकायची, आणि लगेच साध्या पाण्याने दोनदा तोंड धुवायचं. ही दुसरी पायरी लोक गाळतात आणि तिथेच चुकतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.५ च्या आसपास. दाताचं वरचं आवरण म्हणजे एनॅमल पीएच ५.५ च्या खाली विरघळू लागतं. दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस, एवढ्यावर थांबावं. महिनोन्‌महिने रोज तुरटीची चूळ भरणाऱ्यांचे दात आंबल्यासारखे शिवशिवतात आणि दोष थंड पाण्याला दिला जातो. चूळ भरून लगेच ब्रश तर अजिबात नको. अर्धा तास जाऊ द्यावा, कारण मऊ पडलेलं एनॅमल घासण्याने सहज निघतं.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तुरटीपासून लांबच राहावं. तिच्यातलं ॲल्युमिनियम थोडंफार पोटात जातंच, आणि ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं असतं.

तुरटीची लाही

तोंड आलेलं असेल किंवा एकाच जागी हिरडीतून रक्त येत असेल तर चुळेपेक्षा लाहीची चिमूट उपयोगी. तुरटीच्या खड्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते उडवून टाकलं की उरते ती लाही.

२० ग्रॅम तुरटी जाडसर कुटून घ्यावी. भांडं मातीचं किंवा स्टीलचं आणि ऐसपैस, कारण ती फुलून कित्येक पट होते. लोखंडी तवा आणि ॲल्युमिनियमची कढई दोन्ही नकोत. वितळलेली तुरटी धातूला खाते आणि लाही तपकिरी निघते. गॅस मंद. ९२-९३ अंशांना खडे वितळून पाणी होतं, मग बुडबुडे येतात, मग पांढरा फेस वर चढून घट्ट होतो. हलवायची गरज नाही. वाफ पूर्ण थांबली, वर धरलेल्या कोरड्या ताटलीवर दव जमेना, की गॅस बंद. त्यापुढे तापवत राहिलं तर घशाला झोंबणारा धूर येऊ लागतो. तो गंधकाचा, आणि मग उरलेली पूड पाण्यात नीट विरघळतही नाही. अशी जळालेली लाही टाकून द्यावी.

तोलून पाहावं. २० ग्रॅमची ११ ग्रॅम लाही उतरायला हवी. १४-१५ ग्रॅम भरली तर आत पाणी राहिलंय, फोडून पुन्हा मंद आचेवर ठेवावी. मग काचेच्या किंवा दगडी खलात घोटून सुती कापडातून वस्त्रगाळ करावी.

वापर: कोरड्या कापसाच्या बोळ्यावर गव्हाच्या दाण्याएवढी पूड, रक्त येणाऱ्या जागी एक मिनिट दाबून, थुंकून, भरपूर पाण्याने धुवून टाकायचं. दिवसातून एकदा, तीन दिवस. किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात लाही भरू नये. उघड्या पडलेल्या दंतिनावर, म्हणजे एनॅमलखालच्या थरावर, तिचं आम्ल थेट बसतं आणि कीड थांबत तर नाहीच.

खाण्याचा सोडा

पित्त उलटून पडलं, गरोदरपणात सकाळी ओकारी झाली, लिंबू-सोडा पिऊन दात आंबले, की सोड्याची चूळ. २५० मिली पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा. सोड्याच्या पाण्याचा पीएच ८.३ च्या आसपास असल्याने तोंडातलं आम्ल तिथल्या तिथे मरतं. ओकारीनंतर लगेच ब्रश करण्याची सवय असते, ती मोडावी: आधी सोड्याची चूळ, अर्ध्या तासाने ब्रश.

सोडा मागताना नाव नीट सांगावं. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात आम्लही मिसळलेलं असतं. धुण्याचा सोडा आणि पापडखार तोंडाला भाजतात. तोंडाच्या आतलं कातडं त्यांनी सोलून निघतं.

घरचं मंजन

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून.

मंजन म्हणजे घासायची पूड, आणि घासायच्या पुडीत दोनच गोष्टी बघायच्या: कण किती कठीण आणि किती बारीक. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्सच्या मापावर एनॅमल ५ च्या आसपास आहे, त्याच्या आतलं दंतिन जेमतेम ३. मीठ आणि सोडा अडीचच्या घरात, खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट ३. वाळूतला क्वार्ट्झ मात्र ७. म्हणजे खडूने एनॅमलला ओरखडा पडत नाही. विटेच्या पुडीने, मातीने, वाळूमिश्रित राखेने पडतो. कोकणातून मुंबईत आलेली तुसाची राखुंडी याच यादीत बसते. भाताच्या तुसाची राख म्हणजे बहुतेक सगळी सिलिकाच, आणि भट्टीत ती जितकी जास्त तापते तितकी टणक होते. राखुंडीने दात पांढरे दिसतात हे खरं. डाग ती एनॅमलच्या पापुद्र्यासकट काढते. एनॅमल पुन्हा येत नाही. काही वर्षांनी आतलं पिवळं दंतिन दिसू लागतं आणि माणूस आणखी जोराने राखुंडी घासतो.

१०० ग्रॅम मंजनासाठी:

प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट, आय.पी. प्रतीचं, ८० ग्रॅम
खाण्याचा सोडा १० ग्रॅम
सैंधव ५ ग्रॅम
हिरड्याच्या फळाची (हरीतकी) पूड ३ ग्रॅम
लवंगेची पूड २ ग्रॅम

फळ्यावर लिहायचा खडू कुटून वापरू नये. तो बराचसा जिप्समचा, म्हणजे प्लास्टरचा असतो, त्यात चिकटवण असतं, आणि तो तोंडात जाण्यासाठी बनवलेलाच नसतो.

सैंधव आधी कोरड्या कढईत दोन मिनिटं गरम करून ओल काढावी, मग पिठासारखं घोटावं. लवंग आणि हिरडा मिक्सरमधून काढून दोनदा वस्त्रगाळ. चाळणीवर भागवू नये, हिरड्याच्या साली हिरडीच्या कडेत अडकतात. हिरड्याला लोखंडी खल चालत नाही, त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं होतं. आधी खडू सोडून बाकीचे चारही घटक एकत्र, मग त्यांच्याएवढाच खडू, मग दुप्पट, असं वाढवत मिसळावं. सगळं एकदम ओतलं तर लवंग एका कोपऱ्यात राहते आणि एके दिवशी जीभ बधिर होते.

यात तुरटी नाही, आणि ती मुद्दाम नाही. घरगुती मंजनांच्या बऱ्याच पाठांत तुरटीची लाही आणि सोडा एकत्र सापडतात. ओल लागली की दोघं एकमेकांना खातात: कर्बवायू सुटतो, तुरटीचा तुरटपणा जातो, सोड्याचा क्षार जातो, उरतो गाळ. तुरटीवर चालणारी बेकिंग पावडर याच जोडीवर फुगते. जुलैत मुंबईच्या हवेत अशा मंजनाच्या बाटलीचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर कारण हेच. ज्याला तुरटी हवी त्याने ती चुळेत घ्यावी.

फ्लोराइडचाही प्रश्न येतो. घरच्या मंजनात ते नसतं, आणि तलावांतून येणाऱ्या मुंबईच्या पाण्यातही ते दातांना पुरेल इतकं धरून चालता येत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते इतकं असतं की दातांवर तपकिरी पट्टे येतात. इथे अडचण उलटी आहे. कीड अडवण्याची सगळ्यात भक्कम शहानिशा झालेलं खनिज हेच आहे, म्हणून मंजन सकाळी आणि फ्लोराइडची पेस्ट रात्री, अशी वाटणी करावी. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे. नळीवरचा आकडा वाचून घ्यावा. पेस्टवर मंजन भुरभुरून दोन्ही एकदम वापरू नये, खडूतलं कॅल्शियम काही प्रकारचं फ्लोराइड बांधून टाकतं.

दोन परीक्षा

विकतचं असो वा घरचं, मंजन तोंडात घालण्यापूर्वी दहा मिनिटं द्यावीत.

पहिली काचेची. जुन्या बाटलीचा स्वच्छ तुकडा किंवा फोटोफ्रेमची काच घ्यावी, कडा सांभाळाव्यात. ओलं केलेलं मंजन सुती फडक्याने एकाच जागी वीस-पंचवीस वेळा दाबून घासावं, धुवावं, ट्यूबलाइटकडे तिरकं धरून पाहावं. काच एनॅमलपेक्षा थोडी कठीणच. तिच्यावर ओरखडे उठले तर मंजनात वाळूचा कण आहे, डबी फेकावी. ओरखडे नाहीत याचा अर्थ मात्र दंतिनही सुरक्षित असा होत नाही.

दुसरी खडूची. पाव चमचा खडू अर्धी वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकावा. शुद्ध असेल तर फसफसून तासाभरात जवळपास सगळा विरघळतो. तळाशी साका राहिला तर ती माती, वाळू किंवा जिप्सम.

घासायचं कसं

वाटाण्याएवढं मंजन तळहातावर काढून, ओला मऊ ब्रश त्यात टेकवावा. डबीत ओला ब्रश किंवा बोट घालू नये; आत ओल शिरते आणि एकाच्या तोंडातलं सगळ्यांच्या तोंडात जातं. दोन मिनिटं, हिरडीपासून दाताच्या टोकाकडे, हलक्या हाताने. करवतीसारखं आडवं घासणाऱ्यांच्या दातांच्या मानेशी खाच पडते. उजव्या हाताने घासणाऱ्यांची ती पुष्कळदा डाव्या बाजूच्या सुळ्यामागच्या दातांवर जास्त खोल असते, कारण तिथे जोर जास्त लागतो. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेल्यांनी कोणतंही मंजन वापरूच नये. मुळावर एनॅमल नसतं आणि तिथे खडूसुद्धा झीज करतो.

सहा वर्षांखालच्या मुलांना पूड देऊ नये. ती श्वासात जाते.

ठेवण्याचं सांगायचं तर मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं, आणि पावसाळ्यात मुंबईत ती त्याच्या वरच असते. बाथरूममध्ये १५ ग्रॅमची छोटी बाटली, बाकीचं स्वयंपाकघरात घट्ट झाकणाच्या बरणीत, आत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. गुठळ्या झालेलं मंजन कढईत वाळवून पुन्हा वापरण्यापेक्षा पावसाळ्यात अर्धंच करावं. लवंग-हिरड्याला बुरशी लागली तर दिसत नाही.

ज्यांना हात लावू नये

मोरचूद विष आहे, पायोरियावर कोणी सांगितलं तरी. हिराकसाने, म्हणजे लोहाच्या क्षाराने, हिरडी आकसते, पण हिरड्याच्या पुडीबरोबर ते शाई बनतं आणि दात काळे होतात. जुन्या काळी दात काळे करायची मिस्सी याच तत्त्वावर चालायची. शेंदूर म्हणजे शिसं. कुंभाराचा किंवा रांगोळीचा गेरू वाळूचा आणि भेसळीचा. आयुर्वेदात शोधन केलेला गैरिक सांगितला आहे तो हा नव्हे. टाकणखाराची लाही मधात कालवून तान्ह्या बाळाच्या तोंडात फिरवायची पद्धत तर बंदच व्हावी: टाकणखारातलं बोरॉन बाळाला बाधतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चालत नाही. दाढ ठणकली की चुना भरणारे अजून भेटतात. दंतवैद्य कॅल्शियम हायड्रॉक्साइड दाताच्या आत, मोजून, हिरडी वाचवून वापरतात; पानाचा चुना गाल भाजतो.

मशेरी खनिज नाही, पण मंजनाच्या नावाखाली घरात येते म्हणून सांगायचं. ती भाजलेली तंबाखू. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर बंदी पोहोचत नाही. हिरड्या बधिर होतात म्हणून बरं वाटतं, इतकंच.

भरणं पडलं आणि उद्या रविवार

दातातलं सिमेंट पडून खड्डा उघडा राहिला आणि दवाखाना दोन दिवसांनी उघडणार असेल तर एक खनिज खरोखर कामाचं आहे: झिंक ऑक्साइड. औषधी प्रतीचंच घ्यावं. नुसता ‘सफेदा’ मागू नका. रंगवाल्यांच्या बोलीत सफेदा शिशाचाही असतो. काचेवर लवंगतेलाचे दोन थेंब, त्यात पूड थोडी थोडी घालत चमच्याच्या पाठीने घोटत जावं. बोटाला न चिकटणारी, घट्ट कणकेसारखी गोळी झाली की झालं. पातळ ठेवली तर बसत नाही आणि सुटं लवंगतेल हिरडी जाळतं. खड्डा चूळ भरून स्वच्छ, कापसाने कोरडा, गोळी हलकेच दाबून, दात मिटून जास्तीची काढून टाकावी. तासभर त्या बाजूने चावू नये. दाढ आपोआप ठोके देत असेल, पू असेल, गाल सुजला असेल तर खड्डा बंद करू नये. आतला दाब वाढून रात्र कठीण जाते.

कधी थांबायचं

नीट ब्रश आणि मिठाची चूळ सुरू केल्यावर साध्या सुजेचं रक्त आठ-दहा दिवसांत कमी व्हायला हवं. नाही झालं तर किटण आहे, आणि ते कुठल्याही खड्या-पुडीने विरघळत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. किटण काढल्यावर दात ढिले वाटतात, फटी दिसतात. दात आधीच सुटलेले असतात. किटणाने त्यांना एकमेकांना सांधून धरलेलं असतं.

मधुमेह असेल तर आठ दिवसही थांबू नये. ताप, तोंड न उघडणं, गिळताना त्रास, हनुवटीखाली सूज असेल तर त्याच दिवशी जावं. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दाखवायलाच हवा. मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जावं, आणि जे मंजन वापरत होतात त्याची डबी सोबत न्यावी. झीज कशाने झाली हे दात बघून जितकं कळतं त्याहून लवकर डबी बघून कळतं.